बर्बनच्या शोधात निघण्याआधी : नवख्यांसाठी वाटाड्या

नोव्हेंबरातली सकाळ, साडेसहा वाजलेले. ओहायोतल्या सिनसिनाटीत एका दारूच्या दुकानाबाहेरच्या रांगेत मी एकविसावी होते. दुकान दहाला उघडणार होतं. माझ्यापुढच्या आजोबांनी घडीची खुर्ची आणली होती. थर्मासातली कॉफी त्यांनी मलाही दिली आणि सहज विचारलं, ‘‘तुला कोणती आवडते?’’ ज्या बाटलीसाठी उभी होते तिचं नाव मी सांगितलं. ते म्हणाले, ‘‘ती तर सगळ्यांनाच हवी आहे. आवडते कोणती?’’ मला उत्तर देता येईना. आठ महिने दुकानं पालथी घालत होते आणि तोवर जेमतेम पाच-सहा बर्बन, म्हणजे मक्याच्या अमेरिकी व्हिस्की, चाखल्या होत्या.

अमेरिकेत नव्यानं आलेल्या, बर्बनची गोडी लागलेल्या मराठी मंडळींकडून मला दुर्मिळ बाटल्यांबद्दल सारखं विचारलं जातं : ब्लँटन्स कुठे मिळेल, वेलर कुठे मिळेल, पॅपी खरंच असते का? सांगते सगळं. पण माझा क्रम उलटा झाला होता, तुमचा होऊ नये म्हणून आधी जीभ आणि मग दुकान, अशा क्रमानं सांगते.

१. लेबल वाचायला शिका

बर्बन म्हणजे काय हे अमेरिकी कायद्यानं ठरवून दिलेलं आहे. धान्यात किमान ५१ टक्के मका हवा. ओकच्या नव्या, आतून जाळलेल्या पिंपातच ती मुरवायची. पिंपात भरताना १२५ प्रूफपेक्षा जास्त नको, बाटलीत ८० प्रूफपेक्षा कमी नको. रंग, साखर, स्वाद काही घालायचं नाही. ती अमेरिकेत कुठेही बनू शकते. केंटकी राज्यातलीच हवी असं नाही. प्रूफ म्हणजे अल्कोहोलच्या टक्क्यांची दुप्पट : १०० प्रूफ म्हणजे ५० टक्के.

लेबलावरचे हे शब्द ओळखीचे करून घ्या :

- स्ट्रेट : किमान दोन वर्षं मुरलेली. चार वर्षांहून लहान असेल तर वय छापावंच लागतं. म्हणजे ‘स्ट्रेट’ आहे आणि वय छापलेलं नाही, तर ती चार वर्षांची किंवा त्याहून मोठी आहे.
- बॉटल्ड-इन-बाँड : १८९७च्या कायद्यातून आलेला शब्द. एकाच डिस्टिलरीत, एकाच हंगामात गाळलेली, किमान चार वर्षं सरकारी देखरेखीच्या गोदामात मुरलेली आणि बरोबर १०० प्रूफला भरलेली. कमी पैशात खात्रीचा माल हवा असेल तर हा शब्द शोधा.
- सिंगल बॅरल : एकाच पिंपातली. म्हणून एकाच नावाच्या दोन बाटल्यांची चव वेगळी निघू शकते.
- बॅरल प्रूफ : पाणी न मिसळता, पिंपातून निघाली त्या ताकदीची.
- स्मॉल बॅच : याला कायद्यात व्याख्या नाही. या शब्दासाठी जादा पैसे मोजू नका.

एक ओळ मात्र बाटली उलटी करून वाचाच : गाळली कुठे? पुढच्या बाजूला जुन्या घराण्याची कहाणी आणि मागे बारीक अक्षरात ‘डिस्टिल्ड इन इंडियाना’ असं पुष्कळदा असतं. ओहायो नदीकाठच्या लॉरेन्सबर्ग गावात, आमच्या घरापासून अर्ध्या तासावर, एक मोठी डिस्टिलरी आहे. ती कितीतरी ब्रँडना माल पुरवते आणि माल चांगला असतो. फक्त आपण कशाचे पैसे देतोय हे माहीत असावं.

२. चवीला आपल्या भाषेतली नावं द्या

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवावा असं मनापासून वाटतं.

सुरुवातीला मी वहीत इतरांचे शब्द उतरवायचे : व्हॅनिला, कॅरमल, टॉफी, लेदर. महिन्याभरानं वही चाळली तर दहाही बर्बनपुढे तेच शब्द. कुठली कशी होती, काहीच आठवेना. मग एकदा वाइल्ड टर्की १०१ चाखताना नाकात जो वास शिरला त्यासरशी मी आजोळच्या माजघरात पोचले. जुनं सागवानी कपाट उघडल्यावर येणारा लाकडाचा, दालचिनीचा आणि जरासा चामड्याच्या चपलेचा वास. वहीत तेच लिहिलं : ‘आजीचं कपाट’. ती बर्बन मी आजही डोळे मिटून ओळखते.

तेव्हापासून माझी वही मराठीत आहे. काकवी आणि गूळ वेगळे लिहिते. शेंगदाण्याची चिक्की, खजूर, खारीक, जायफळ, लवंग, बडीशेप, पिकलेलं केळं, मक्याचं भाजलेलं कणीस, उन्हाळ्यात तापलेली लाकडी फळी. या वासांवर आपण वाढलो आहोत, म्हणून ते पटकन सापडतात आणि लक्षात राहतात.

आता ही चव येते कुठून? पिंप आतून जाळलं की लाकडातल्या साखरेचा पाक होतो, ओकमधून व्हॅनिलाचा वास सुटतो. पिंपात द्रव वर्षानुवर्षं लाकडात शिरतो, बाहेर येतो आणि ते सगळं सोबत आणतो. उरलेला फरक धान्याचा आणि यीस्टचा. मका सगळ्यांत असतोच, त्याचा गोडवा येतो. बरोबर थोडा मोड आणलेला सातूही असतो. दुसरं धान्य कोणतं, यावर तुमची आवड ठरते.

*राय*, म्हणजे गव्हासारखंच एक धान्य, असेल तर लवंग-मिरीसारखा झणका येतो. बहुतेक बर्बन अशाच. फोर रोझेस दोन प्रकारचं धान्यमिश्रण आणि पाच प्रकारचं यीस्ट वापरून दहा वेगवेगळ्या पाककृती बनवते. त्यातल्या एका मिश्रणात राय तब्बल ३५ टक्के असते. जिभेवर फरक कळायला हे सोपं उदाहरण आहे.

*गहू* असेल तर चव मऊ, तूप-साखरेच्या शिऱ्याकडे झुकणारी. मेकर्स मार्क, लार्सिनी, वेलर आणि पॅपी व्हॅन विंकल या सगळ्या गव्हाच्या. वेलरला ‘गरिबांची पॅपी’ म्हणतात ते यामुळेच. दोन्ही केंटकीतल्या फ्रँकफर्टच्या बफेलो ट्रेस डिस्टिलरीत बनतात. हे नाव पसरलं आणि वेलरही दुकानांतून नाहीशी झाली.

घराण्यांचीही ओळख असते. जिम बीमच्या घरातल्या नॉब क्रीक, बुकर्स घेतल्या की मला भाजलेला शेंगदाणा लागतो. ओल्ड फॉरेस्टरमध्ये पिकलं केळं.

चाखताना ग्लेनकेर्नसारखा, वर निमुळता होत जाणारा ग्लास घ्या. वीस-तीस मिलिलिटर ओता आणि दहा मिनिटं नुसतं ठेवा. वास घेताना ओठ किंचित उघडे ठेवा, म्हणजे अल्कोहोल नाकाला झोंबत नाही. पहिला घोट फक्त तोंडाची सवय करायला. मत दुसऱ्या घोटावर बनवा. ११५ प्रूफच्या पुढची असेल तर चार थेंब पाणी टाका आणि पुन्हा वास घ्या. मिसळ खाल्ल्यावर चाखायला बसू नका, जीभ दोन तास कामातून गेलेली असते.

३. एकदा तरी नाव न बघता चाखा

गेल्या दिवाळीनंतरच्या शनिवारी आमच्याकडे सहाजण जमले होते. नवऱ्यानं आतल्या खोलीत पाच बाटल्यांतून ग्लास भरले, तळाशी आकडे चिकटवले आणि आणून ठेवले. प्रत्येकानं कागदावर क्रम लावायचा, आपसात बोलायचं नाही. सहापैकी चौघांनी पहिला नंबर दिला तो इव्हान विल्यम्सच्या पांढऱ्या लेबलवाल्या बॉटल्ड-इन-बाँडला. ती वीस डॉलरच्या आतबाहेर मिळते. ब्लँटन्स तिसरी आली. मी स्वतः ब्लँटन्सला चौथी लावली होती, आणि तिच्यासाठी मी आधी दोन राज्यं फिरले होते.

ब्लँटन्स वाईट आहे असा याचा अर्थ नाही. १९८४ साली एल्मर टी. ली यांनी ती बाजारात आणली आणि सिंगल बॅरलची चाल तिथून रुजली. मला फक्त एवढं कळलं की मला जास्त प्रूफ आणि जास्त लाकूड आवडतं. हे कळल्यावर माझी शोधायची यादी पंधरावरून चारावर आली.

४. तुमच्या राज्यात दारू कोण विकतं ते बघा

१९३३मध्ये दारूबंदी उठली तेव्हा विक्रीचे नियम ज्या त्या राज्यावर सोपवले गेले. त्यामुळे हा खेळ राज्यागणिक बदलतो.

सतरा राज्यांत घाऊक व्यापार सरकारच्या हातात आहे. ओहायो, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना, मिशिगन, ओरेगन त्यांतली. ओहायोत एका बाटलीची किंमत राज्यभर सारखीच असते. दुर्मिळ बाटलीही छापील भावानं मिळते, पण मिळणं नशिबावर. न्यू जर्सी, टेक्सस, कॅलिफोर्निया, इलिनॉय, केंटकी इथं भाव दुकानदार ठरवतो. आमच्या सिनसिनाटीत हा फरक एका पुलावर दिसतो : ओहायोच्या बाजूला जी बाटली सत्तर डॉलरची पण कधीच शिल्लक नाही, तीच नदीपलीकडे केंटकीत काचेच्या कपाटात दुप्पट-तिप्पट भावाची चिठ्ठी लावून उभी असते.

दुसऱ्या राज्यातून गाडीत किती बाटल्या आणता येतात यावरही मर्यादा असतात. आपल्या राज्याच्या मद्यविभागाच्या संकेतस्थळावर ती बघून मगच पूल ओलांडा.

५. काय काय जवळ हवं

- वयाचा, फोटो असलेला पुरावा. वय २१ पूर्ण हवं. त्याच राज्याचा वाहन परवाना असेल तर उत्तम, कारण दुर्मिळ बाटल्यांसाठीच्या राज्याच्या लॉटऱ्या साधारणपणे रहिवाशांसाठीच असतात. एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल आणि परवाना अजून हातात आला नसेल, तर पासपोर्ट नेहमी बरोबर ठेवा. भारतीय परवाना दाखवल्यावर दुकानातून परत पाठवलेले दोघे माझ्या ओळखीत आहेत.
- राज्याच्या मद्यविभागाच्या ईमेल यादीत नोंद. कुठल्या दुकानात काय शिल्लक आहे हे काही राज्यं संकेतस्थळावर दाखवतात. ओहायोचं ओएचएलक्यू दाखवतं.
- छापील किमतींची स्वतः केलेली यादी, फोनमध्ये. ही नसेल तर दुकानात उत्साहाच्या भरात फसाल.
- दोन ग्लेनकेर्न ग्लास, ड्रॉपर, वही.
- महिन्याचा ठरवलेला आकडा. माझा ९० डॉलर आहे आणि घरात तो दोघांना माहीत आहे.

६. एक दुकान धरा

फिरण्यापेक्षा एका दुकानात नेमानं जाणं फळतं. ॲलोकेटेड बाटल्या, म्हणजे वाटपानं येणाऱ्या, दुकानाला एका वेळी दोन-तीनच येतात. त्या कुणाला द्यायच्या हे ज्याच्या हातात असतं, तो ओळखीच्या माणसाला देतो. यात गैर काही नाही. आपल्या गावच्या वाण्याकडे आंबेमोहोराचं शेवटचं पोतं कुणासाठी राखलेलं असायचं, ते आठवा.

पहिल्याच भेटीत ‘मागे काही ठेवलंय का?’ विचारू नका. हा प्रश्न त्यांना दिवसातून वीस वेळा ऐकावा लागतो. त्याऐवजी म्हणा, ‘मला वाइल्ड टर्की आवडते, रसेल्स रिझर्व्ह सिंगल बॅरल घ्यावी का?’ तुम्ही पिणारे आहात, विकणारे नाही, हे एवढ्यानं समजतं. माझ्या दुकानातल्या बाईंनी चौथ्या की पाचव्या भेटीत आपणहून विचारलं, ‘‘स्टोअर पिक येतंय, एक बाजूला ठेवू?’’

स्टोअर पिक म्हणजे दुकानानं डिस्टिलरीतून चाखून निवडलेलं आख्खं पिंप. बाटल्या मोजक्याच, भाव नेहमीच्या सिंगल बॅरलच्या आसपास, आणि निवडणारा माणूस तुमच्या समोर उभा. मला मिळालेल्या सर्वांत चांगल्या बर्बन या वाटेनं आल्या आहेत.

सापळा एकच सांगते. हवी असलेली बाटली देताना सोबत न खपणाऱ्या तीन बाटल्या गळ्यात मारणारी दुकानंही असतात. एकूण बेरीज करा. ती बेरीज पटत नसेल तर हसून बाहेर पडा.

७. लॉटरी आणि वर्षाचं वेळापत्रक

लॉटरीत नाव घालायला सरकारी राज्यांत काही खर्च नाही, लागली तरच बाटलीचे पैसे. प्रत्येक वेळी भरा आणि विसरून जा. घरातल्या दोन सज्ञान माणसांनी आपापल्या नावानं भरावं. एकानंच दोनदा भरलं तर बाद.

वर्षाचा अंदाज असा असतो. एलायजा क्रेग बॅरल प्रूफ वर्षातून तीनदा येते. लेबलावर सी९२३ असं लिहिलेलं असेल तर सी म्हणजे वर्षातली तिसरी खेप, ९ म्हणजे सप्टेंबर, २३ म्हणजे २०२३. ओल्ड फिट्झजेराल्डच्या उंच नक्षीच्या बाटल्या वसंतात आणि शरदात. ओल्ड फॉरेस्टर बर्थडे बर्बन संस्थापकाच्या वाढदिवसाला, २ सप्टेंबरला. बफेलो ट्रेसचा अँटिक कलेक्शन संच आणि व्हॅन विंकलच्या बाटल्या हिवाळ्याच्या तोंडावर. रांगा तेव्हाच लागतात.

पॅपी एवढी दुर्मिळ का, हेही समजून घ्या. आजच्या २० किंवा २३ वर्षांच्या बाटलीतली बर्बन पिंपात भरली गेली तेव्हा बर्बनला आजच्यासारखी मागणी येईल याचा अंदाज कुणाला नव्हता, म्हणून पिंपंच थोडी. त्यात केंटकीच्या उन्हाळ्यात दरवर्षी काही टक्के द्रव लाकडातून उडून जातो. त्याला तिथे देवदूतांचा वाटा म्हणतात. वीस वर्षांनी पिंपात उरतं ते थोडंच. आणि माझं प्रामाणिक मत : २३ वर्षांच्या बर्बनमध्ये लाकूड फार बोलतं. मी ती एकदा बारमध्ये अर्ध्या औंसानं घेतली. घेतल्याचं समाधान आहे, पण पुन्हा मागवणार नाही. दुर्मिळ बाटली विकत घेण्याआधी बारमध्ये अर्धा औंस चाखा, हा सल्ला सगळ्या नावांना लागू आहे.

केंटकीला गेलात तर बफेलो ट्रेसची फेरी मोफत असते, पण जागा आधी राखून ठेवा. तिथल्या दुकानात त्या दिवशी कोणती दुर्मिळ बाटली निघेल ते दिवसागणिक बदलतं आणि माणशी मोजकीच मिळते.

शोध चालू असताना रिकामं बसायची गरज नाही. वेलर मिळत नाही? लार्सिनी किंवा मेकर्स मार्कची बॅरल प्रूफ घ्या. ब्लँटन्स नाही? फोर रोझेस सिंगल बॅरल. बफेलो ट्रेसची बॅरल प्रूफ स्टॅग नाही? वाइल्ड टर्कीची रेअर ब्रीड, जवळपास कुठेही मिळते.

८. खासगी व्यवहार : इथं मी पोळले

दुसऱ्या वर्षी एका अनोळखी माणसाकडून मी गव्हाची एक बारा वर्षांची बर्बन २२० डॉलरला घेतली. पार्किंगमध्ये भेटून, रोख पैसे देऊन. घरी उजेडात पाहिलं तर मानेवरचं आवरण एका बाजूनं सुरकुतलेलं, कुणी केस वाळवायच्या यंत्रानं पुन्हा तापवून बसवल्यासारखं. चव पातळ, कुठल्याशा स्वस्त बर्बनची. तक्रार करणार कुठे? परवान्याशिवाय दारू विकणं बहुतेक राज्यांत बेकायदाच आहे, आणि मी त्या व्यवहारात स्वतःहून शिरले होते. टपाल खात्यानं दारू पाठवायलाही मनाई आहे.

केंटकीत २०१८पासून परवानाधारक दुकानांना लोकांकडून जुन्या बाटल्या घेऊन विकता येतात. जुनी बाटली हवीच असेल तर हा सरळ मार्ग आहे. तिथंही आवरण, द्रवाची पातळी, काचेवरचा कोरलेला सांकेतिक आकडा बघा. ब्लँटन्सच्या रिकाम्या बाटल्या लोक पैसे देऊन घेतात. काही जण तिच्यावरची घोडेस्वाराच्या आकृतीची आठही वेगवेगळी बुचं जमवायला घेतात, बाकीचे कशाला घेत असतील याचा विचार करा. आपली रिकामी बाटली टाकताना मी लेबल खरवडते.

९. भारतात न्यायची असेल तर

विमानात चेक-इन सामानात २४ ते ७० टक्क्यांची दारू माणशी पाच लिटरपर्यंत चालते, मूळ सीलबंद बाटलीत. ७० टक्क्यांच्या पुढची, म्हणजे १४० प्रूफच्या वरची, अजिबात चालत नाही. जॉर्ज टी. स्टॅगच्या काही वर्षांच्या खेपा त्याहून जहाल निघाल्या आहेत. शौकीन त्यांना ‘हॅझमॅट’, म्हणजे धोकादायक माल, म्हणतात ते यामुळेच. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत कर लागत नाही, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. महाराष्ट्रात पिणाऱ्याकडे परवाना आणि २५ वर्षांचं वय लागतं, हे देणाऱ्यानंही लक्षात ठेवावं. फेब्रुवारी २०२५मध्ये भारतानं बर्बनवरचं आयातशुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणलं. तेव्हा जिम बीम किंवा मेकर्स मार्क इथून ओझं करून नेऊ नका. स्टोअर पिक न्या, ते तिकडे मिळणार नाही.

बाटली मोज्यात गुंडाळा, मग दोन पिशव्यांत, मग जीन्सच्या मधोमध.

१०. मिळाल्यावर

उभीच ठेवा, वाइनसारखी आडवी ठेवली तर जास्त अल्कोहोलमुळे बूच खराब होतं. उन्हापासून दूर. उघडल्यावरचा पहिला पेला पुष्कळदा आखडलेला लागतो, म्हणून मत बनवायच्या आधी दोन आठवडे थांबा. बाटली अर्धी होईपर्यंत घाई नाही. पाव उरली की आतली हवा चव उतरवायला लागते, तेव्हा मात्र महिना-दोन महिन्यांत संपवा. आमच्याकडे पाव उरलेल्या बाटल्या मी कपाटात पुढच्या रांगेत आणून ठेवते आणि कुणी जेवायला आलं की त्यांतली निवडायला पाहुण्याला सांगते.